तिला विचारलं तर होतं! (ज्युलिएटचे वडील आणि दोन दिवसांत फिरलेला शब्द)

मधुमालती

आमच्या पाचजणींच्या वाचनगटात यंदा शेक्सपिअर घेतलाय. 'रोमिओ अँड ज्युलिएट' सगळ्यांनी कॉलेजात 'केलेलं' असतं, म्हणजे बाल्कनी केलेली असते आणि शेवटची विषाची बाटली. मधलं कुणाला धड आठवत नाही. या खेपेला सावकाश वाचताना मी एका माणसापाशी अडकून बसलेय, आणि तो रोमिओ नव्हे. ज्युलिएटचा बाप, कॅप्युलेट.

पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश बघा. पॅरिस हा तरुण सरदार, खुद्द व्हेरोनाच्या राजपुत्राचा नातलग, ज्युलिएटला मागणी घालतो. स्थळ असं की कुठल्याही बापाने देव पाण्यातून बाहेर काढावेत. पण कॅप्युलेट म्हणतो, पोरीला अजून चौदावंही पुरं नाही, दोन उन्हाळे जाऊ द्या. पॅरिस म्हणतो, तिच्याहून लहान मुली सुखाने आया झाल्यात. त्यावर बाप म्हणतो, झाल्या, आणि तितक्याच लवकर त्यांची माती झाली. बाकीची सगळी लेकरं मातीआड गेली, ही एकच उरलीय, असंही बोलता बोलता सांगून जातो. पुढे तर कमालच: तिचं मन तुम्हीच जिंका, तिच्या होकारापुढे माझ्या मर्जीला फारशी किंमत नाही, ती ज्याला निवडेल त्याला माझाही होकार.

मी ही ओळ तीनदा वाचली. १५९५ च्या सुमाराचं नाटक आहे हे!

हा प्रवेश रविवारचा. सोमवारी रात्री उशिरा हाच गृहस्थ पॅरिसला सांगतो, मुलगी माझ्या शब्दाबाहेर नाही, आणि तिला न विचारता गुरुवारचं लग्न ठरवून टाकतो. (आधी बुधवार म्हणतो, मग 'फारच घाई होईल' म्हणून गुरुवार.) मंगळवारी पहाटे ती नको म्हणते. मग तोंडाचा पट्टा सुटतो: गळफास घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर, पुन्हा तोंड दाखवू नकोस. माझे हात शिवशिवतायत, असंही म्हणतो.

माझा प्रश्न साधा आहे. हा माणूस दोन दिवसांत बदलला, की रविवारीही तो असाच होता आणि आपल्याला ते कळलं नाही?

पारावरचे आप्पा

ताई, छान धागा. पण आजचा चष्मा लावून चारशे वर्षांपूर्वीच्या बापाला कशाला झोडायचं? त्या काळी सगळीकडे बापच ठरवायचा. पोरगी तेरा वर्षांची, तिला काय कळतंय! आमच्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिने पंचावन्न वर्षं संसार केला.

काळा कोट

आप्पा, 'त्या काळी असंच होतं' या वाक्याला कोर्टात उभं केलं तर ते टिकत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

त्या काळच्या इंग्लंडात लग्नाचा कायदा चर्चच्या हातात होता. त्याप्रमाणे लग्न वैध व्हायला दोघांची संमती पुरे. मुलगी बारा, मुलगा चौदा वर्षांचा हवा, बस. 'मी तुला आत्ता नवरा म्हणून स्वीकारते' असं वर्तमानकाळात बोललं की गाठ पक्की. आईबापांचा होकार मिळवणं हे कर्तव्य मानलं जाई, १६०४ च्या चर्चच्या नियमांत एकविसाच्या आतल्यांसाठी तो मागितलाही होता. पण तो नसला म्हणून लागलेलं लग्न रद्द होत नसे. ते दात कायद्याला १७५३ साली हार्डविकच्या कायद्याने फुटले. इटलीकडे पाहिलं तर १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार सक्तीचे केले, पण आईबापांची परवानगी ही वैधतेची अट करायला नकारच दिला. (मग नाटकात फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूने रोमिओ-ज्युलिएटचं गुपचूप लावलेलं लग्न त्या नियमांत बसलं असतं का, हा वेगळा धागा होईल.)

आता वयाचं. शेक्सपिअरच्या इंग्लंडात सामान्य घरातल्या मुलींची लग्नं साधारण पंचविशीच्या आसपास व्हायची. त्याच्या स्वतःच्या मुली पाहा: सुझाना चोविसाव्या वर्षी, ज्युडिथ एकतिसाव्या. बड्या सरदारांत लवकर ठरवत, ते खरं. पण तेरा हा आकडा लंडनच्या प्रेक्षकालाही खटकणाराच होता. आणि तो शेक्सपिअरने मुद्दाम आणलाय. बांदेल्लोच्या इटालियन कथेत ती अठराची आहे. आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या ज्या इंग्रजी काव्यावरून हे नाटक बेतलं त्यात सोळाची. शेक्सपिअरने आणखी खाली आणली. पुढे अठराव्या शतकात गॅरिक या इंग्रज नटाने रंगमंचावर तिला परत अठराच्या घरात नेलं, कारण तेरा पचेना.

ब्रुकने तर वाचकांसाठी प्रस्तावनाच लिहिलीय की बघा, आईबापांचा आणि आप्तांचा सल्ला धुडकावून वासनेच्या मागे लागलेल्या दोघांचं काय झालं. म्हणजे मूळ माल 'पोरांनो, ऐका' असा होता. शेक्सपिअरने कथा तीच ठेवली आणि बोट उलटीकडे वळवलं.

गावठी प्रेक्षक

काको, दंडवत घ्या _/\_

पण मग एक शंका. बापाच्या 'नाही'ने लग्न मोडतच नसेल तर ज्युलिएट एवढी घाबरली कशाला? सरळ सांगायचं, बाबा माझं कालच झालंय, मांडव काढा.

काळा कोट

कायदा लग्न देतो, भाकरी देत नाही. हुंडा, वारसा, डोक्यावरचं छप्पर सगळं बापाच्या हातात. कॅप्युलेटची धमकी नीट ऐका. 'तुझं लग्न मी मानणार नाही' असं तो म्हणत नाही, रस्ता दाखवतो.

कवी जॉन डनचं उदाहरण याच पिढीतलं. १६०१ मध्ये त्याने ॲन मोरशी चोरून लग्न केलं. सासऱ्याने त्याची नोकरी घालवली, काही दिवस तुरुंगात बसवलं. न्यायालयाने १६०२ मध्ये लग्न वैधच ठरवलं. पण नोकरी गेली ती गेलीच, पुढची कित्येक वर्षं दोघांनी नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या आधारावर काढली.

आणि ज्युलिएट सांगणार तरी काय? नवरा कोण, तर शत्रूच्या घरातला, आणि कालच तिच्या सख्ख्या मामेभावाला, टिबॉल्टला मारून हद्दपार झालेला. हे सांगायला तेरा वर्षांच्या मुलीने कुठून जीभ आणायची!

खडीसाखर

सगळे बापावर तुटून पडलात, आईला विसरलात? बाई पहिल्या अंकात लेकीला सांगतात, तुझ्या वयाची असताना मी तुझी आई झाले होते. म्हणजे त्या स्वतः सत्तावीस-अठ्ठावीसच्या, आणि नवरा? मेजवानीत म्हाताऱ्या आप्ताला विचारतो, आपण शेवटचं नाचून किती वर्षं झाली? तो म्हणतो तीस, हा म्हणतो छे, पंचवीस! 'लवकर आई झालेल्यांची माती होते' हे वाक्य तो कोणाकडे बघून म्हणाला असेल, सांगा बरं.

आणि हीच आई मंगळवारी म्हणते, या मूर्ख पोरीचं थडग्याशीच लग्न लागो. ज्युलिएट पायाशी येते, निदान महिनाभर, आठवडाभर पुढे ढकला म्हणते. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, माझं तुझं संपलं. आणि निघून जाते.

मग राहते दाई. तिने पाजलेलं, वाढवलेलं, कालच हिच्यासाठी दोरीची शिडी आणून देणारी. ती काय सांगते? पॅरिसशीच करून टाक, रोमिओ त्याच्यापुढे पोतेरं. मला बापाच्या शिव्यांपेक्षा हे जास्त लागतं. बाप आरडाओरडा करतो तेव्हा निदान दाराआड कोणीतरी आपलं असतं अशी आशा असते. इथे पंधरा मिनिटांत तिन्ही दारं बंद.

पारावरचे आप्पा

काळा कोट बाई, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. अर्धं रात्री विचार करून सांगतो.

अवांतर: टिबॉल्टला जाऊन एक दिवस झाला नाही आणि घरात लग्न? सुतक-बितक काही?

मधुमालती

आप्पा, अवांतर नाही हो, हाच तर धागा आहे! बाहेर सगळ्यांना कारण काय सांगितलंय माहितीये? चौथ्या अंकात पॅरिस फ्रायरला सांगतो: ज्युलिएट भावासाठी फार रडतेय, एवढं रडणं तिच्या जिवाला बरं नाही असं तिच्या वडिलांना वाटतं, म्हणून अश्रूंचा पूर थांबवायला लग्नाची घाई.

म्हणजे मुलगी उदास आहे ना, मग लग्न लावून द्या. कुठेतरी ऐकलंय ना हे?

आणि सोमवारी रात्रीचा तो प्रवेश रंगमंचावर कसा दिसत असेल विचार करा. खाली बाप पॅरिसशी तारीख ठरवतोय, ती रडून झोपली असेल, आज खाली येणार नाही म्हणतोय. आणि वर तिच्या खोलीत रोमिओ आहे. तिची लग्नाची पहिली रात्र चालू आहे.

नेपथ्यकार

माझ्या एका आवडत्या पात्रावर धागा निघालाय म्हणून खूप दिवसांनी लॉगिन झालो.

पंचवीस वर्षांपूर्वी हौशी मंडळात आम्ही हे नाटक केलं होतं. मी प्रकाशयोजनेला. कॅप्युलेट करणारे गृहस्थ बँकेत होते, घरी दोन लग्नाच्या मुली. तिसऱ्या अंकातलं ओरडणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमलं. जमेना ते चौथ्या अंकातलं. कारण चौथ्या अंकात हा माणूस खूश असतो, आणि खूश असणं हेच तिथलं सगळ्यात भयानक काम आहे.

मंगळवारी दुपारी ज्युलिएट फ्रायरकडून औषध घेऊन येते आणि बापाच्या पाया पडते. चुकले, तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. कॅप्युलेट विरघळतो. एवढा की म्हणतो, चला, गुरुवार कशाला, उद्या सकाळीच उरकू. बायको म्हणते, अहो तयारी कुठाय? हा म्हणतो, तू जाऊन ज्युलिएटला सजव, आज मी घरची बाई होतो. पॅरिसला निरोप द्यायला नोकर सापडत नाही तर स्वतः निघतो. मन कसं हलकं झालंय म्हणतो. रात्रभर जागतो. भट्टीत भाजायला घातलेल्या मांसाकडे लक्ष द्या, खर्चाकडे बघू नका, वाळकी लाकडं आणा. दाई त्याला म्हणते, बायकी कामात लुडबूड करू नका, झोपा, उद्या आजारी पडाल. तुमच्या-आमच्या घरातल्या कुठल्याही कार्याच्या आदल्या रात्रीचा मुलीचा बाप आठवा.

आणि हे सगळं चालू असताना वरच्या खोलीत ती औषध पिऊन पडलेली आहे. आम्ही वरच्या खोलीत एक समई ठेवली होती आणि खाली भट्टीचा लाल उजेड. बँकवाल्या काकांना शेवटच्या तालमीला ते जमलं. नंतर विंगेत येऊन पाणी प्यायले आणि अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत.

आता माझा मुद्दा. फ्रायरने सांगितलं होतं, बुधवारी रात्री औषध घे, बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील, तोवर रोमिओला पत्राने कळवतो. बापाने लग्न बुधवारी सकाळवर आणलं, म्हणून तिला मंगळवारी रात्रीच घ्यावं लागलं. सगळ्या बेतातला एक अख्खा दिवस बापाच्या रागाने नाही, आनंदाने खाल्ला.

गावठी प्रेक्षक

वा! अंगावर काटा.

पण माफ करा, जरा खडा टाकतो. पत्र पोचलं नाही ते प्लेगमुळे. फ्रायर जॉन ज्या घरात गेला ते घर प्लेगच्या संशयाने बाहेरून बंद केलं, तो व्हेरोनाबाहेर पडलाच नाही. म्हणजे खुनी प्लेग. बापाचा काय संबंध? गुरुवारी लग्न असतं तरी तो अडकला असताच की.

नेपथ्यकार

अडकला असता, मान्य. पण फ्रायर लॉरेन्सला 'पत्र परत आलं' हे कळायला आणि दुसरा माणूस धाडायला एक दिवस मिळाला असता. शिवाय रोमिओला 'ती गेली' ही बातमी द्यायला त्याचा नोकर बाल्थसार धावत मांतुआला गेला, तोही एक दिवस उशिरा निघाला असता. वाचलीच असती असं म्हणत नाही. शेक्सपिअर असा हिशेब मुद्दाम घालून ठेवतो आणि आपल्याला रात्री झोप लागू देत नाही.

रुई

शोकांतिका म्हणताय म्हणून मी दोन हजार वर्षं मागे नेते. सोफोक्लीसचं 'अँटिगनी', इसवी सनापूर्वी ४४१ च्या आसपासचं.

अँटिगनीने राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेताला माती दिली एवढं सगळ्यांना माहीत. पण जो राजा तिला मारायला निघालाय त्या क्रेऑनचा मुलगा हायमन हा तिचा वाग्दत्त वर आहे. क्रेऑनला विचारतात, स्वतःच्या मुलाची होणारी बायको मारणार? तो म्हणतो, नांगरायला दुसरी शेतं आहेत. जिला सून म्हणून घरात आणायची तिच्याबद्दल हे!

हायमन येतो तेव्हा पहिलं वाक्य काय? बाबा, मी तुमचा आहे, तुमच्या मार्गदर्शनापेक्षा कुठलंही लग्न मला मोठं नाही. आता ज्युलिएटचं पहिल्या अंकातलं आठवा: पसंत पडतोय का बघेन, पण तुमची संमती जितकी नजर टाकू देईल त्यापुढे माझी नजर जाणार नाही. दोन्ही लेकरं सुरुवात आज्ञाधारकपणानेच करतात. बंडखोर म्हणून कोणीच येत नाही.

हायमन बापाला समजावतो. आवाज न चढवता. पुरात वाकणारं झाड तगतं, ताठ राहणारं मुळासकट जातं. लोक काय बोलतात तेही सांगतो. क्रेऑन ऐकतो का? 'बाईचा गुलाम' म्हणतो. तिला तुझ्या डोळ्यांदेखत मारतो म्हणतो.

शेवट असा. जिवंत गाडलेल्या गुहेत अँटिगनीने गळफास घेतलेला, हायमन तिला मिठी मारून बसलेला. बाप हाका मारत येतो. मुलगा त्याच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार चुकतो, मग तीच स्वतःत खुपसतो. निरोप्या सांगतो की त्याचं लग्न मृत्यूच्या घरी लागलं. आणि गंमत म्हणा की काय म्हणा, हायमन आणि अँटिगनी अख्ख्या नाटकात एकदाही एकत्र मंचावर येत नाहीत. प्रेमप्रसंग नाहीच. बाप-मुलाचा प्रसंग आहे.

दूरदेशी

रुई, ते शेताचं वाक्य मला माहीत नव्हतं. चहा गार झाला.

मी 'हॅम्लेट'मधल्या ऑफेलियाबद्दल लिहिते. तिच्यावर कोणी ओरडत नाही. भाऊ सांगतो, हॅम्लेट युवराज आहे, त्याला बायको स्वतःच्या मनाने निवडता येणार नाही, तू लांब राहा. बाप पोलोनियस सांगतो, त्याच्याशी बोलू नकोस. ती म्हणते, जशी आज्ञा. मग राजाला गरज पडते तेव्हा तोच बाप तिला हातात पुस्तक देऊन हॅम्लेटच्या वाटेत उभी करतो आणि स्वतः पडद्यामागे लपतो. आधी भेटू नकोस, मग भेट, दोन्ही आज्ञा बापाच्याच.

आणि पाचव्या अंकात तिच्या थडग्यावर फुलं टाकताना राणी काय म्हणते? मला वाटलं होतं तू माझ्या हॅम्लेटची बायको होशील, ही फुलं तुझ्या शय्येवर घालीन. म्हणजे सासूची हरकत नव्हती! बापलेकांनी 'ते आपल्यात करणार नाहीत' हे स्वतःच ठरवलं होतं, वर कोणाला विचारलंही नव्हतं. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याच घरात एक स्थळ 'त्यांना आपलं घर चालणार नाही' म्हणून परस्पर सोडून दिलं होतं. आठ वर्षांनी त्यांची आई एका लग्नात भेटली आणि सहज म्हणाली, आम्ही तुमच्या निरोपाची वाट बघत होतो.

'ऑथेल्लो'त डेस्डिमोना बापाला न विचारता ऑथेल्लोशी लग्न करते. तिचा बाप ब्राबान्शियो तर जावयासाठी शापच ठेवून जातो. हिच्यावर नजर ठेव, हिने बापाला फसवलंय, तुलाही फसवेल. तो पुन्हा मंचावर येत नाही, दुःखाने मेल्याचं शेवटी कळतं. पण त्याचं वाक्य तिसऱ्या अंकात खलनायक इयागो उचलतो आणि ऑथेल्लोच्या कानात ओततो. तिने मर्जीने लग्न केलं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा.

पारावरचे आप्पा

रात्री विचार केला. ऑथेल्लोचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण या गल्लीत माझं थोडं येणंजाणं आहे.

ऑथेल्लो मराठीत आणला गोविंद बल्लाळ देवलांनी, 'झुंझारराव', १८९०. आणि त्याच देवलांनी १८९९ मध्ये 'संगीत शारदा' लिहिलं. हॅम्लेट आणलं आगरकरांनी, 'विकारविलसित', १८८३. म्हणजे या नाटकांत हात घातलेली माणसं पुढे बालविवाहावरही लिहिती झाली. शेक्सपिअरमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण डोक्यात दोन्ही एकाच वेळी असणार.

शारदेतला कांचनभट पैसे घेऊन मुलगी पाऊणशे वर्षांच्या भुजंगनाथाला देतो. तो लोभी आहे म्हणून त्याचा राग करणं सोपं. कॅप्युलेट पैसे घेत नाही, चांगला तरुण देखणा जावई बघतो, म्हणून तो जड जातो. हे ताईंच्या धाग्यामुळे पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

दुसरं. शारदेचं लग्न मोडतं कशाने? ती नको म्हणते म्हणून? छे. वर-वधू सगोत्र निघतात म्हणून! एवढ्या मोठ्या सुधारणावादी नाटकातही मुलीचं 'नको' पुरत नाही, शास्त्राचं 'नको' लागतं. ज्युलिएटकडेही असं शास्त्रातलं कारण होतं. आधीच एक लग्न झालंय, दुसरं पाप. पण तेच बोलता येत नव्हतं. फ्रायरला बोलता आलं असतं. तोही गप्प बसला आणि औषध काढून दिलं.

आजीबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण एक भर घालतो. पंचावन्न वर्षं संसार केला हे आम्ही सांगतो. तिने कधी सांगितलं नव्हतं.

काळा कोट

आप्पा _/\_

तुमच्या शारदेवरून एक गंमत. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो. बऱ्याच जणांना वाटतं नाटकावरून नाव पडलं. तो मांडणारे हरबिलास सारडा, त्यांच्या आडनावावरून. त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरलं चौदा. ज्युलिएटचा वाढदिवस ३१ जुलैला, आणि नाटक त्याच्या पंधरा-एक दिवस आधी घडतं. म्हणजे सारडांच्या कायद्याखाली कॅप्युलेट आणि फ्रायर दोघेही अवघ्या पंधरा दिवसांच्या फरकाने सापडले असते.

खडीसाखर

एक घरचं सांगू का? नावं-गावं नाहीत.

माझ्या आत्याला 'विचारलं' होतं. आजोबांनी सगळ्यांसमोर, पाट मांडून, तुला पसंत आहे ना गं? आत्या म्हणाली हो. ही गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगतात, त्या काळी आम्ही मुलीला विचारलं. गेल्या दिवाळीत आत्या लाडू वळता वळता म्हणाली, त्याच्या आधी दोन स्थळांना मी नाही म्हटलं होतं. तेव्हा आजोबा चार दिवस जेवले नव्हते. तिसऱ्यांदा कोण नाही म्हणेल!

मधुमालती

खडीसाखर, तुझ्या आत्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं बघ.

मी रविवारचं ते वाक्य पुन्हा काढून बसले. 'ती निवडेल त्याला माझा होकार.' पण मूळ ओळीत एक शब्द आहे, तिच्या निवडीच्या *आवाक्यात*. आवाका कोणी आखला? मेजवानीचं आमंत्रण बापाने दिलं, पाहुण्यांची यादी बापाची, पॅरिसला 'ये आणि बघ' बापाने सांगितलं. रविवारी तो खोटं बोलत नव्हता. विचारायची त्याची खरोखर तयारी होती. 'नाही' हे उत्तर येऊ शकतं हे मात्र त्याच्या मनातच आलं नव्हतं. म्हणून मंगळवारी त्याला राग येतो त्यात मला आधी आश्चर्य ऐकू येतं. ऐका ना: दिवस-रात्र, काम-खेळ, एकटा असो की चारचौघांत, हिचं लग्न जुळवायचा एकच ध्यास घेतला मी, आणि ही रडवी पोर म्हणते मला प्रेम नाही, मी लहान आहे, मला माफ करा! हे त्याचं खरं दुःख आहे. मी एवढं केलं, आणि तू उत्तर देतेस.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे रविवारी 'ती लहान आहे' हे त्याचंच कारण होतं. मंगळवारी तो तेच कारण तिच्या तोंडी घालून चिडवतो.

आणि मेजवानीत रोमिओ घुसलाय हे कळल्यावर टिबॉल्टला आवरतो कोण? हाच. गावात या मुलाबद्दल चांगलं बोलतात, सद्गुणी आहे, माझ्या घरात त्याच्या केसाला धक्का लागता कामा नये. कॅप्युलेटने रोमिओची तारीफ केलीय हे मला या वाचनापर्यंत माहीतच नव्हतं. ज्युलिएटला तर ते कधीच कळत नाही.

गावठी प्रेक्षक

म्हणजे विचारलं असतं तर 'हो' म्हणाला असता??

मधुमालती

रविवारी रात्री? कदाचित. टिबॉल्ट गेल्यावर नाही. म्हणजे मधे एखादा दिवसच होता. आणि त्या दिवशी विचारायचं कोणी, कोणाला?

रुई

शेवटच्या प्रवेशात दोन बाप हात मिळवतात तेव्हा कॅप्युलेट म्हणतो, हा हातच माझ्या मुलीचं स्त्रीधन, याहून जास्त मी मागू शकत नाही. माँटेग्यू म्हणतो, मी जास्त देतो, तिचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. कॅप्युलेट म्हणतो, मग रोमिओचाही तसाच. दोन प्रेतं समोर आणि व्याह्यांची बोलणी चाललीत.

खडीसाखर

देणंघेणं! रुई, हे वाचून हसावं की रडावं.

दूरदेशी

नेपथ्यकार, एक विचारायचं राहिलं. ती मेलेली सापडते त्या सकाळी पॅरिसबरोबर वाजंत्रीवाले आलेले असतात ना? आमच्या इथल्या प्रयोगात तो भाग नव्हताच. तुम्ही ठेवला होता?

नेपथ्यकार

ठेवला होता, आणि त्यावरून दिग्दर्शकाशी माझं भांडण झालं होतं. बहुतेक ठिकाणी कापतात. बाप म्हणतो, लग्नाचं जेवण आता मर्तिकाचं होऊ दे, मंगलगीतांची शोकगीतं होऊ देत, फुलं प्रेतावर घाला. सगळे रडत आत जातात. मंचावर उरतात तीन वाजंत्री. आता वाद्यं गुंडाळावी म्हणतात. एक नोकर येऊन त्यांच्याशी फालतू विनोद करतो, चांदीच्या आवाजावरून कोट्या होतात, पैशाचं निघतं. दिग्दर्शक म्हणाले, ज्युलिएटच्या मरणानंतर हे काय, प्रेक्षक हसतील. मी म्हटलं, हसू देत.

हसले. मग एक वाजंत्री दुसऱ्याला म्हणतो, चल आत जाऊ, दुखवट्याची माणसं येईपर्यंत थांबू, जेवूनच जाऊ. तिथे हसू थांबलं. आम्ही भट्टीचा लाल दिवा तसाच ठेवला होता, आणि ते तिघे त्या उजेडाकडे चालत गेले.